चार सूत आणि बारा मिलिमीटर : राउटर टेबलावरच्या सोळा पॅनेलांचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात दोन भावांचं सुतारकामाचं शेड आहे. त्याच जागेत त्यांचे वडील बैलगाडीची चाकं आणि दारं-खिडक्या करायचे. धाकटा भाऊ माझ्याकडे आयटीआयत शिकला, म्हणून हे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. दोघांना विचारूनच लिहितो आहे. नावं, गाव आणि गिऱ्हाईक ओळखू येईल असं काही यात ठेवलेलं नाही.

जून महिन्यात त्यांना अथणीकडच्या एका नव्या घराचं काम मिळालं. स्वयंपाकघर आणि देवघराच्या कपाटांसाठी भरीव सागवानाची 16 शटरं, म्हणजे कपाटांची दारं, करायची होती. उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट आणि मधे उठावाचं पॅनेल, अशी ती जुन्या धाटणीची शटरं. गिऱ्हाईकाला ती गणपतीच्या आधी बसवून हवी होती. लाकूड चांगलं होतं. दांडेलीच्या सरकारी डेपोतल्या लिलावात घेतलेलं, वखारीतून चिरून आणलेलं.

मापं सांगून ठेवतो, पुढे लागतील. चौकटीची पट्टी 22 मिलिमीटर जाड, तिच्या मधोमध 6 मिलिमीटर रुंद आणि 10 मिलिमीटर खोल खाच. पॅनेल 14 मिलिमीटर जाड, साधारण 280 बाय 520. पॅनेलच्या चारही कडांना दर्शनी बाजूनं 8 मिलिमीटर खोल उतार काढायचा, म्हणजे कडेला 6 मिलिमीटरची जीभ उरते आणि ती खाचेत बसते. वडिलांच्या काळी हा उतार रंध्यानं काढत. एका पॅनेलला अर्धा दिवस जायचा.

भावांकडे 1,800 वॅटचा राउटर होता, म्हणजे फिरत्या पात्यानं (बिटानं) लाकडाला खाचा आणि उतार काढणारं मशीन. वेगाचा डायल 1 ते 6, म्हणजे मिनिटाला 9,000 ते 22,000 फेरे. तो 18 मिलिमीटरच्या प्लायवुडच्या टेबलाखाली उलटा टांगलेला. मागे सागवानाची एक सरळ पट्टी गाईड म्हणून, तिच्यात बिटासाठी कापलेलं मोठं भोक. या कामासाठी त्यांनी तीन बिटांचा डबा नवा घेतला. त्यातलं पॅनेलचं बिट 82 मिलिमीटर व्यासाचं, दोन पात्यांचं.

अडचण

पहिल्या दिवशी पाच पॅनेलं कापली, त्यातली तीन वाया गेली. धाकट्यानं संध्याकाळी फोन केला.

"सर, कडा फाटायल्यात बगा. कोपऱ्यावर आलं की ढलपीच उडतीया. आणि उतारावर हात फिरवला की लाटा लागतात."

मी फोटो मागवले. फोटोत कोपऱ्यांवरच्या ढलप्या स्पष्ट दिसत होत्या. लाटा दिसत नव्हत्या, काळे डाग पुसट होते. त्या फोटोंवरून मी सल्ला दिला, "घाई करू नकोस. लाकूड हळू ढकल."

तो सल्ला चुकीचा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं माझं ऐकून आणखी दोन पॅनेलं अगदी सावकाश चालवली. दोन्ही जळली. आडव्या तोंडाला, म्हणजे जिथे तंतूंची टोकं उघडी पडतात तिथे, कॉफीच्या रंगाचे पट्टे उमटले. सात पॅनेलांपैकी पाच बाद. ती दोन माझ्या खात्यावरची, हे मी त्या दोघांनाही सांगितलं.

हळू ढकलल्यावर का जळतं, याचा हिशेब साधा आहे. प्रत्येक पात्यानं लाकडाची एक पापडी काढून न्यायला हवी. पापडी उष्णता बरोबर घेऊन बाहेर पडते. मिनिटाला 22,000 फेरे, दोन पाती, म्हणजे 44,000 कापे. लाकूड मिनिटाला एक मीटर सरकत असेल तर एका काप्याच्या वाट्याला 0.023 मिलिमीटर येतात. एवढ्या पातळ थरात पातं शिरतच नाही, वरून घासत राहतं. घासलं की तापतं. त्यात बिट 82 मिलिमीटरचं असल्यानं त्याच्या कडेचा वेग सेकंदाला 94 मीटर होतो, म्हणजे ताशी सुमारे 340 किलोमीटर. एवढ्या मोठ्या बिटाला 22,000 फेरे देणं हे फिनिशच्याही आधी जिवाला धोक्याचं आहे. डायल कितीवर आहे, हे मी पहिल्या फोनवर विचारायलाच हवं होतं.

खुणा वाचताना

तिसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी गेलो. पाऊस धरलेला होता. वाया गेलेली पाचही पॅनेलं उजेडात, खिडकीशी तिरपी धरून पाहिली. माझा अनुभव असा की लाकडावरच्या खुणा नीट वेगळ्या केल्या की निम्मं काम तिथेच होतं. इथे तीन खुणा एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं होतं.

काळे डाग जिथे हात थांबला तिथे गडद होते: बरोबर मधे, जिथे हात बदलावा लागतो, आणि शेवटच्या टोकाला. म्हणजे वेग जास्त आणि सरकणं कमी. डायल 6 वर का ठेवला, हे थोरल्यानं सांगितलं. संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो, मशीन दबतं, म्हणून त्यानं तो वर नेला होता. मीटर लावून पाहिलं तर सॉकेटला 205 व्होल्ट होते आणि तीस मीटरच्या बारीक वायरीनंतर मशीनपाशी 195. सकाळी तोच सॉकेट 225 दाखवायचा.

ढलप्या दोन जागी होत्या. एक कोपऱ्यावर, जिथे बिट लाकडातून बाहेर पडतं; तिथे तंतूंना मागून आधार नव्हता. दुसरी लांब कडेच्या मधेच, काही पॅनेलांना एकाच बाजूला.

लाटांनी मात्र मला अडवलं. त्या 3 ते 4 मिलिमीटर अंतरावर होत्या. पात्यांचे ठसे एवढ्या अंतरावर पडूच शकत नाहीत, कारण त्यांच्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचं अंतर असायला हवं. म्हणजे लाटा कापण्याच्या नव्हत्या, काहीतरी थरथरत होतं.

आधी टेबल तपासलं. पोलादी पट्टी आडवी ठेवली तर मधे 0.8 मिलिमीटरचा झोळ. पावसाळी हवा, आणि खाली टांगलेलं राउटरचं वजन. त्यामुळे पॅनेल मधे येताना किंचित झुलत होतं. जिभेची जाडी एका टोकाला 6 आणि दुसऱ्या टोकाला साडेसहा का येत होती, त्याचं थोडं उत्तर मिळालं. पण झोळानं अशा नेमक्या अंतराच्या लाटा येत नाहीत.

मग धाकटा सहज बोलून गेला, "बिट घट्टच राहत नव्हतं, सर. पान्याला पाइप घालून आवळलंय."

मी मशीनचा प्लग काढायला लावला आणि बिट बाहेर घेतलं. दांडीवर चकचकीत ओरखड्यांच्या गोल रेघा होत्या. बिट फिरताना कोलेटात, म्हणजे बिटाची दांडी आवळून धरणाऱ्या मशीनच्या तोंडात, घसरत होतं. व्हर्नियर लावला तर दांडी 12.0 मिलिमीटर. कोलेटाच्या तोंडावर कोरलं होतं 12.7.

हे आपल्या भागात का घडतं, ते नीट सांगायला हवं. आमच्याकडे सुतार सूत मोजतात. एक इंच म्हणजे आठ सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत, आणि चार सूत म्हणजे 12.7 मिलिमीटर. बाजारात राउटरची बिटं दोन्ही दांड्यांची येतात, 12.7 ची आणि 12 ची. लहान बिटांत तोच घोळ 6.35 आणि 6 मिलिमीटरचा. काउंटरवर सगळेच त्याला "अर्धा इंची" म्हणतात. डब्यावर बारीक अक्षरात 12 लिहिलेलं होतं, पण दुकानात कुणी वाचलं नाही आणि शेडमध्येही नाही. फरक 0.7 मिलिमीटरचा, पाव सुतापेक्षाही कमी. लाकडाच्या कामात पाव सूत माफ असतं. कोलेटात ते चालत नाही. कोलेट आपल्या मापाभोवती थोडंसंच मिटतं; पाइप घालून त्याला त्यापलीकडे मिटवलं की ते दांडीला पूर्ण लांबीभर न धरता टोकाशी चिमटीसारखं धरतं. बिट मग भोवऱ्यासारखं डुलतं. लाटा तिथून आल्या होत्या.

वडील तोपर्यंत दारात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "मास्तर, ते सुटून उडालं असतं तर?"

थोरला काही बोलला नाही. त्या दिवशी मशीन पुन्हा चालू केलं नाही.

पर्याय

चहा घेताना चौघांनी बसून पर्याय मांडले. गणपतीला पाच आठवडे होते.

थोरल्याचं मत होतं की पॅनेलं बेळगावात उद्यमबागेच्या कारखान्यांकडे एखाद्या सीएनसीवाल्याकडून, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, कापून आणावीत. विचार चुकीचा नव्हता. सीएनसीवर वेग आणि सरकणं दोन्ही ठरलेले राहतात. पण चौकटीच्या खाचा इथेच कापायच्या होत्या, आणि दोन ठिकाणच्या कामात जीभ-खाचेचं माप जुळवणं हा वेगळा ताप. शिवाय सणाआधी तिथे रांग होती. मला खटकलं ते याहून वेगळं: मशीनचा दोष तसाच राहणार होता आणि पुढच्या कामात पुन्हा तोच प्रश्न उभा राहणार होता.

वडिलांनी रंध्यानं काढून द्यायची तयारी दाखवली. सोळा पॅनेलं, सत्तरी ओलांडलेला माणूस. मुलांनीच नको म्हटलं.

जे झालंय ते घासून काढावं, असाही एक मार्ग होता. पॉलिश पेपरनं काळा डाग आडव्या तोंडावरून निघत नाही असं नाही, पण तोवर उताराची धार गोल होते आणि जीभ पातळ पडते. तो पर्याय मी पाच मिनिटांत बाद केला.

उरला सेटिंग दुरुस्त करण्याचा. त्यातही एक खरा निर्णय होता: 12.7 चं कोलेट ठेवून बिटं बदलायची, की बिटं ठेवून कोलेट 12 चं घ्यायचं? डब्यातली दुसरी दोन बिटं, खाच आणि जिभेची जोडी, अजून वापरलेली नव्हती. दुकानदार उघडलेला डबा परत घेणार नव्हता. मधे घालायची बारीक नळी मिळते, 12 ला 12.7 करणारी. ती लहान बिटाला चालते, पण 82 मिलिमीटरच्या बिटाखाली मला ती नको होती; जितके सांधे जास्त, तितका डोल जास्त. म्हणून ठरलं: त्याच कंपनीचं 12 मिलिमीटरचं कोलेट घ्यायचं. ओरखडे पडलेलं पॅनेलचं बिट फेकायचं. धाकट्याला ते जड गेलं, पाती नवीकोरी होती. पण ओरखडलेली दांडी नव्या कोलेटलाही खराब करते आणि नीट धरली जाईल याचा भरवसा देत नाही. पाइप घालून आवळलेलं जुनं कोलेटही फेकलं. नवं पॅनेलचं बिट 12 च्याच दांडीचं मागवलं.

काय केलं

कोलेट आणि बिट यायला चार दिवस लागले. तोवर टेबल दुरुस्त केलं. खालून राउटरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल आवळले, झोळ 0.8 वरून 0.1 च्या आसपास आला. राउटर ज्या प्लेटवर टांगलेला असतो ती प्लेट टेबलाशी सपाट करायला चार कोपऱ्यांत स्क्रू दिले. प्लेट टेबलाच्या किंचित वर असेल तर लाकडाचं पुढचं टोक अडतं, खाली असेल तर शेवटचं टोक बुडतं. दोन्हीचे ठसे कडेवर उमटतात. बोटानं लागत नाही इतकं सपाट झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

गाईडच्या भोकाला मी जास्त वेळ दिला, कारण ढलप्यांचं मूळ बरंचसं तिथे होतं. बिटाभोवती शंभर मिलिमीटरची पोकळी असेल तर लाकडाची कड तिथे अधांतरी असते. आम्ही गाईडला पुढून एमडीएफचे दोन सरकते तुकडे लावले. बिटाचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून तुकड्यांना तसाच कापा दिला आणि ते बिटाच्या एक-दीड मिलिमीटर जवळ आणून आवळले. प्रत्येक उंचीला ते पुन्हा जुळवावे लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण याच कामानं कडा स्वच्छ झाल्या. भुसा ओढायला मागून व्हॅक्यूमची नळी बसवली. गाईडच्या पायथ्याशी भुशाची एक बारीक रांग साचली तरी पॅनेल तेवढंच बाहेर राहतं. सागवानाची धूळ अंगाला आणि श्वासाला त्रास देते, म्हणून मास्क आणि कानावर मफ सक्तीचे केले. हातमोजे मात्र काढायला लावले. फिरत्या बिटापाशी ते हात आत ओढून नेतात. हातांऐवजी पॅनेल दाबायला दोन दाबपट्ट्या लावल्या, एक वरून आणि एक बाजूनं.

कोलेट आल्यावर बिट लावायची रीत मी स्वतः दाखवली. कोलेट आणि त्याची बैठक आधी पुसून घ्यायची. दांडी पूर्ण आत घालून मग 2-3 मिलिमीटर मागे ओढायची; तळाला टेकवून आवळलं तर कोलेट खाली सरकताना बिटाला त्याबरोबर जायला जागा उरत नाही आणि नट घट्ट वाटूनही पकड ढिली राहते. पान्याला पाइप लावायची गरज कधीच पडू नये. पडली तर माप चुकलंय असं समजायचं. त्याच दिवशी धाकट्यानं 12 च्या कोलेटाच्या नटाला लाल रंगाचा ठिपका दिला आणि बिटांच्या दांड्यांच्या टोकांनाही तोच रंग लावला.

डायल 2 वर आणला, फेरे 12,000 च्या आसपास. बारीक वायर काढून जाड वायर टाकली. तिनं जेमतेम पाच व्होल्टचा फरक पडला, म्हणून काम सकाळी करायचं ठरलं. त्यातून मिळालं ते जास्त.

सरकवण्याचा वेग सेकंदाला चार सेंटिमीटर धरला. 12,000 फेरे आणि दोन पाती, तर एका काप्याला 0.1 मिलिमीटर. हात घड्याळाकडे पाहू शकत नाही, म्हणून मनात मोजायचं: आडवी कड 28 सेंटिमीटर, सात आकडे, उभी कड 52, तेरा आकडे. थोरला पहिल्या दोन पॅनेलांना मोठ्यानं मोजत होता, नंतर त्याच्या हातालाच ते समजलं.

8 मिलिमीटरचा उतार एका दमात काढायचा नाही. बिट चार वेळा उचललं: 3.5, मग 2.5, मग 1.5, आणि शेवटी फक्त 0.5. शेवटच्या दमाला पात्यावर ताण जवळजवळ नसतो आणि आधीचे सगळे डाग तोच पुसून नेतो. एका उंचीला सगळी पॅनेलं काढून मगच उंची बदलायची. सोळा पॅनेलं, चार कडा, चार दम, म्हणजे 256 वेळा. थोरल्याला हे फार वाटलं. मी म्हटलं, पाच पॅनेलं पुन्हा करायला लागली ती यातच धरा.

आडव्या कडा आधी, उभ्या नंतर. आडव्या तोंडाचा दम संपताना कोपऱ्यावर ढलपी उडायचीच असेल तर उडू दे. पुढचा उभ्या कडेचा दम तोच कोपरा कापून नेतो. तरीही आडव्या कडेच्या मागे एक टाकाऊ तुकडा घट्ट धरायला लावला, म्हणजे ढलपी त्या तुकड्याची उडेल.

आता राहिली लांब कडेच्या मधली फाट. इथे वडील उठून आले. त्यांनी पॅनेल हातात घेतलं, लाकडाच्या तंतूंच्या रेषेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "रंधा उलटा चालवलाय तुम्ही."

त्यांचं बरोबर होतं. टेबलावर बिट वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतं आणि लाकूड आपण उजवीकडून डावीकडे नेतो. ही दिशा बदलता येत नाही. मग बदलायचं काय, तर लाकूड. टेबलावर पॅनेल ठेवल्यावर वरून दिसणारी रेषा उजवीकडे जाताना गाईडकडे सरकत असेल, तर फाट पुढे जाऊन टाकाऊ भागात संपते. तीच रेषा आपल्याकडे वळत असेल तर फाट पॅनेलच्या आत शिरते. पॅनेल गोल फिरवून उपयोग नाही, रेषेचा कल तोच राहतो. ते पालथं करायला हवं, म्हणजे पुढची बाजू मागे. राहिलेल्या नऊ पॅनेलांपैकी तीन आम्ही पालथी केली. दोन पॅनेलं मात्र अशा दोन फळ्यांची जोडलेली होती की एक कड सरळ आणि दुसरी उलटी. त्यांना पालथं करून फक्त जागा बदलली असती. तिथे शेवटचा दम 0.5 ऐवजी 0.3 केला.

काही जण उलट्या रेषेला लाकूड डावीकडून उजवीकडे चालवतात. एवढ्या मोठ्या बिटाशी, हातानं, ते मी कुणाला करू देत नाही. बिट पॅनेल खेचून घेतं आणि मागोमाग बोटं जातात.

दर पाच-सहा पॅनेलांनंतर बिट काढून पाहायचं ठरवलं. सागवानाचा तेलकट चीक पात्याच्या मागे काळा होऊन बसतो आणि धार असूनही बिट बोथटासारखं वागतं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, जुना टूथब्रश, मग कोरडं पुसून तेलाचं बोट. बिटावरचं बेअरिंग आधी काढून ठेवायचं, ते भिजवायचं नाही. सागवानात सिलिका असते, त्यामुळे कार्बाइडची धारही इतर लाकडांपेक्षा लवकर उतरते. पण पहिल्या शंकेला धार लावायला धावण्याआधी एकदा धुऊन पाहावं.

निकाल

पाच बाद पॅनेलांसाठी नवीन फळ्या आणाव्या लागल्या. त्या जोडताना रेषा आधी पाहिली, दोन्ही बाहेरच्या कडा एकाच दिशेला येतील अशा. त्या पाचांत एकही ढलपी उडाली नाही.

एकूण सोळांपैकी तेरा पॅनेलं सरळ पॉलिशला गेली. 220 नंबरच्या पेपरचा एक हलका हात पुरला. मिश्र रेषेच्या दोघांना एकेका कडेवर बारीक फाट आली, ती वडिलांनी स्क्रॅपरनं काढली. एकाला मधे थांबल्याचा पिवळसर डाग राहिला. वीज गेली तेव्हा पॅनेल बिटाला टेकलेलं होतं. तो डागही निघाला. लाटा कुठेच नव्हत्या. जिभेची जाडी सोळा पॅनेलांत 0.15 मिलिमीटरच्या आत राहिली, आणि शटरं जोडताना हातोडीची गरज पडली नाही. आधीच्या सातांतून वाचलेली दोन पॅनेलंही पुन्हा शेवटच्या दमातून काढली होती.

काम चतुर्थीच्या चार दिवस आधी बसलं. फायदा मात्र जवळपास सगळा लाकडात, कोलेटात आणि बिटात गेला.

वेगळं काय करता आलं असतं

माझी चूक आधी. फोटोवरून सल्ला द्यायचाच असेल तर तीन प्रश्न आधी विचारायला हवे होते: डायल कितीवर आहे, बिटाचा व्यास किती, आणि बिट काढून पुन्हा लावल्यावर दांडीवर काही खूण दिसते का. तिसऱ्या प्रश्नाला पहिल्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. आयटीआयत मी कोलेट लावायला शिकवलं, दांडी मोजायला शिकवलं नाही. तेव्हा संस्थेत सगळी बिटं एकाच मापाची होती.

भावांकडून जो क्षण निसटला तो पान्याला पाइप लावण्याचा. मशीन एखादी गोष्ट नाकारत असेल तर जोर वाढवण्याआधी थांबायचं, हे दोघांनाही माहीत होतं. घाईत आणि सणाच्या तारखेत ते मागे पडलं. दुसरं, खरं लाकूड लावण्याआधी त्याच जाडीच्या टाकाऊ फळीवर चारही कडा काढून पाहिल्या असत्या तर पाच पॅनेलं वाचली असती. तिसरं, 82 मिलिमीटरच्या आडव्या बिटाऐवजी लहान व्यासाचं उभं बिट मिळतं. त्यात पॅनेल गाईडला टेकवून उभं चालवायचं. त्यासाठी उंच गाईड लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. आता करतील तर मी त्याच बाजूचा.

आणि एक गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नाही, ती मार्चमध्ये कळली. जुलैत त्या शेडमध्ये लाकडातला ओलावा मीटरवर 15 ते 16 टक्के होता. घाटाकडचा खानापूर आणि पूर्वेची कोरडी अथणी एकाच जिल्ह्यात असली तरी हवा निराळी. उन्हाळ्यात तिकडे लाकूड 10 टक्क्यांपर्यंत उतरतं, आणि 280 मिलिमीटरचं सागवानी पॅनेल फळी कशी चिरली आहे त्याप्रमाणे दीड ते तीन मिलिमीटर आकसतं. पॅनेल खाचेत मोकळं ठेवलेलं होतं, गोंद फक्त चौकटीला, त्यामुळे काही तडकलं नाही. पण पॉलिश शटर जोडल्यावर मारलेलं. आकसलेल्या पॅनेलच्या दोन्ही बाजूंना पॉलिश न लागलेल्या लाकडाची पांढुरकी रेघ उघडी पडली.

गिऱ्हाईकाचा फोन आला तेव्हा थोरला पॉलिशची बाटली आणि बारीक ब्रश घेऊन स्वतः अथणीला गेला. सोळाही शटरांच्या रेघा एका दुपारी भरल्या, पैसे घेतले नाहीत. परतताना त्यानं मला फोन केला.

"सर, पुढच्या खेपेला जिभेला पॉलिश आधी मारून मगच जोडतो. आणखी एक. गिऱ्हाईकाच्या भावाला दारं करायचीत, आठ. रेषा बघायला बाबांनाच बसवतो की."